शेरा

मे महिन्यात मांजरेच्या कोरड्या पात्रात
आम्ही बब्रुवान कोतवालाला बुडवलं.
तहसीलचं पत्र होतं : रंगीत तालीम घ्यावी,
फोटो जोडावेत.
नारंगी जाकीट घालून तो वाळूत आडवा झाला,
"वाचवा, वाचवा" म्हणत हात हलवू लागला
आणि काठावरची पोरं हसून बेजार :
"मामा, दमानं प्या की पाणी!"
वाळू एवढी तापलेली
की तो बुडता बुडताच उठून बसला.
अहवालात मी लिहिलं, उपस्थिती बासष्ट.
शेरा : निरंक.

रिकामे डबे दोरात गुंतवून तरंगायचं कसं
हे पथकाच्या हवालदारानं दाखवलं.
धुळ्याकडचा माणूस; त्याचं बोलणं बायांना निम्मं कळलं,
गाठ मात्र कळली.
सोजरबाई भिसे म्हणाली,
"ही तर आमची कडब्याच्या पेंढीची गाठ.
ह्यात सरकारनं शिकवायसारखं काय हाय?"

सप्टेंबर. रात्रीचे एक चाळीस.
धरणाचे सहा दरवाजे उघडल्याचा निरोप
माझ्या फोनवर आला आणि लगेच टॉवर गेला.
चौदाशे माणसांचा निरोप
आता फक्त माझ्या तळहातात उजळत होता,
बॅटरी अकरा टक्के.
बब्रुवानला उठवलं.
त्यानं विचारलं नाही, खरं का तालमीतलं.
ताट घेतलं, उलथनं घेतलं
आणि नदीकडच्या आळीत शिरला :
"पाणी यायलंय! शाळेकडं चला! पाणी यायलंय!"

पहाटे शाळेच्या चार वर्गांत गाव मावलं.
मैनोद्दीनच्या शेळ्या सहावीत,
फळ्यावर कालचा लसावि तसाच.
जूनमध्ये दोन पोती तांदूळ जास्तीचा मागितला
तेव्हा साहेब म्हणाले होते, उंदीर खातील.
उंदरांनी खाल्ला थोडा.
बाकीचा आम्ही.

अकराला ट्रॅक्टरवरून बोट आली.
तोच हवालदार.
पत्र्यावर दोघी राहिल्या होत्या,
सोजरबाई आणि तिची दिवस भरलेली सून.
पथकानं दोर विजेच्या पोलाला बांधला.
पोल झुकला,
मग नमस्कार करावा तसा पाण्यात गेला.
सोजरबाई वरून ओरडत होती काहीतरी,
पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं,
नुसता हात दिसत होता, लिंबाकडं केलेला.

सून वाचली. नातू बोटीतून उतरल्यावर
तहसीलदारांच्या जीपमध्ये झाला, अर्ध्या वाटेत.

नंतर माझं काम सुरू झालं.
मोठं जनावर, लहान जनावर, भिंत पूर्ण, भिंत अंशतः,
भांडी, कपडे.
सोजरबाईनं सांगितलं, वाकळ लिव्हा, अर्धी शिवलेली,
मालकाच्या धोतराची.
कपड्यांत धरू?
"अजून कपडा कुठं झाली होती ती," ती म्हणाली.
मी पेन तसंच धरून उभी राहिले.

मग तिचा अंगठा उमटेना.
खुरपण्यात रेषा गेलेल्या;
यंत्र म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा.
तालुक्याला तीन खेपा.
तिसऱ्या खेपेला डोळा जुळला.
पैसे सत्तेचाळिसाव्या दिवशी आले.
उशिरा.
पण आले, आणि त्यातून तिनं आधी दार बसवलं,
भिंतीच्या आधी.
मी काही विचारलं नाही.

यंदा मे महिन्यात पुन्हा पत्र आलं, तेच,
फक्त तारीख बदललेली.
बब्रुवान वाळूत आडवा झाला.
कुणी हसलं नाही. बायांनी डबे घरूनच आणले होते.
हवालदार दोर घेऊन नव्या पोलाकडं निघाला
तर सोजरबाई काखेत नातू घेऊन आडवी आली.
दोर त्याच्या हातातून घेतला,
लिंबाला दोन वेढे दिले
आणि गाठ मारली, पेंढीची.
हवालदार बघत राहिला. मग म्हणाला,
"मावशी, परत एकदा दाखवा."

उपस्थिती तीनशे आठ.
नमुन्यात शेऱ्याचा रकाना बोटभर रुंदीचा असतो.
त्यात मावेल एवढंच लिहिलं :
पोल नको. लिंब.